"हरायचं ठरलेलंच होतं, मग रडायलास कशाला बे?"

१४ डिसेंबर २०२५, रविवारची सकाळ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात माग बंद होते आणि मी हिशेबाच्या वहीला टेकवून फोन उभा केला होता. तिकडे वॉशिंग्टनमध्ये अजून शनिवारची रात्र होती आणि डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-कंपनीतल्या जॉन सीनाची शेवटची कुस्ती चालू होती. ऑस्ट्रियाच्या गुंथरने मागून गळ्याला विळखा घातला होता. सीना सुटला, पुन्हा सापडला. मग किंचित हसला आणि हाताने थाप मारली. म्हणजे हार मानली. 'नेव्हर गिव्ह अप' छापलेला टॉवेल वर्षानुवर्षं प्रेक्षकांना दाखवत फिरलेला हा माणूस! (टॉवेलवर छापलेलं किती धुण्यांत जातं हे सोलापूरकराला कुणी सांगायला नको, पण तरीही.)

माझ्या मागे आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे कारखान्याचे मालक. तरुणपणी तालमीत राहिलेले, कान मोडलेले, जत्रांचे फड गाजवलेले. "हे हरणार ते आधीच ठरलेलं असतंय की," ते म्हणाले. "मग तू रडायलास कशाला बे?"

मी रडत नव्हतो. नाक ओढलं असेल. पण प्रश्न रास्त आहे. सीनाच्या बातम्या सगळीकडे झळकल्यापासून तो मला चार-पाच जणांनी विचारला. त्यातले निम्मे लहानपणी माझ्यासोबत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेले आहेत. छाती किती इंच, दंड किती इंच, किती लढती जिंकल्या यावर पत्ते जिंकायचे आणि अंडरटेकर नावाचा पैलवान सात वेळा मरून परत आलाय यावर शपथा घ्यायच्या. तर एकदाच सगळं नीट सांगून टाकतो.

ठरलेलं म्हणजे नेमकं काय ठरलेलं?

आधी कबुली. हो, ठरलेलं असतं. कोण जिंकणार, साधारण किती मिनिटांत, शेवटचा डाव कोणता, हे दोन्ही पैलवानांना रिंगमध्ये उतरण्याआधी माहीत असतं. हे गुपितही राहिलेलं नाही. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा प्रकार करमणुकीचा आहे, ही खरी स्पर्धा नव्हे. कारण पैशाचं होतं. स्पर्धा म्हटली की सरकारी नियम, परवाने आणि कर मागे लागतात. तेव्हा तिचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. त्याच आद्याक्षरांवरून वन्यजीवांसाठी काम करणारी पांडावाली संस्था कोर्टात गेली आणि २००२ साली एफचा ई झाला. पांडाकडून ती कुस्ती मात्र कंपनी खरीखुरी हरली.

मी आप्पांना त्यांचाच माग दाखवला. चादरीवर मोर येणार की वेलबुट्टी, हे जकार्डवर चढवलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. माग सुरू झाल्यावर मोराचा पोपट होत नाही. पण सूत खरं असतं, ताण खरा असतो, धागा तुटला की कारागीर खरोखर धावतो, आणि त्याच नक्षीची एक चादर झकास उतरते तर दुसरीत गाठी राहतात. गिऱ्हाईक नक्षी माहीत असूनच चादर हातात घेऊन बघतं.

रिंगमध्ये सुरुवात आणि शेवट बांधलेला असला तरी मधलं बरंचसं तिथल्या तिथे विणलं जातं. एकाने दुसऱ्याचं डोकं काखेत दाबून धरलंय, दोघं दमून थांबल्यासारखे दिसतायत, अशा वेळी नीट बघा. केसांआड ओठ हलत असतात. पुढचा डाव ठरत असतो. पंचाच्या कानात बारीक यंत्र असतं. आतून निरोप येतो की वेळ संपत आली, आणि तो वाकून पैलवानाची चौकशी केल्यासारखं करत तो निरोप पोचवतो. गर्दी एखाद्या डावाला थंड पडली तर तो डाव गुंडाळतात, पेटली तर ताणतात. तमाशात सोंगाड्या पब्लिक बघून बतावणी लांबवतो तसंच.

सोंग सोडायचं नाही

या धंद्यातला एक जुना शब्द म्हणजे 'केफेब'. अमेरिकेतल्या जत्रांमधून तंबू ठोकून कुस्त्या लावणाऱ्यांच्या चोरभाषेतला. अर्थ एवढाच की घेतलेलं सोंग लोकांसमोर सोडायचं नाही. टीव्हीवर वैर असेल तर रस्त्यावरही वैर. १९८७ साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत नशेचे पदार्थ सापडले, ती एक भानगड. पण कंपनीला जास्त झोंबलं ते दुसरंच. गाडीत इराणी पैलवान आयर्न शेख आणि अमेरिकी पैलवान जिम डगन शेजारी शेजारी बसले होते, आणि टीव्हीवर त्या दोघांचं हाडवैर चालू होतं. दोघांनाही काढून टाकलं.

आता इंटरनेटमुळे तेवढं कडक कुणी पाळत नाही. पण रिंगमध्ये सोंग अजून चालतं आणि त्याच्या दोन बाजू असतात. चांगल्याला म्हणतात 'फेस', वाईटाला 'हील'. चांगल्याचा वाईट झाला किंवा उलट, तर तो 'टर्न'. एवढे शब्द पुरे.

हील म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावायला वेळ लागत नाही. निळू फुले पडद्यावर आले की खेड्यातल्या बायका बोटं मोडायच्या. त्या शिव्या हीच त्या नटाची पावती. रिंगमधल्या हीलचंही तेच. लोकांनी हुर्यो उडवली तर त्याचा पगार वसूल, आणि लोक मोबाइल बघत बसले तर त्याचा धंदा बसला. चांगला हील स्वतः उठून दिसण्यापेक्षा समोरच्याला मोठं करतो. पैलवानांच्या ओळी लावायच्या तर मी फेसपेक्षा हीलना वरच्या ओळीत बसवीन. हा गुंथर घ्या. फटाके नाहीत, बडबड बेताची, छातीवर उघड्या पंजाचा फटका असा मारतो की वळ उठलेले कॅमेऱ्यात दिसतात. इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपदाचा पट्टा ६६६ दिवस त्याच्याकडे होता आणि त्या काळात त्या पट्ट्याची किंमत वाढली. मला तो आवडतो. सीनाला हरवल्यावर काही दिवस आवडत नव्हता, म्हणजे त्याचं काम त्याने चोख केलं.

जोड लावणारा

गावच्या जत्रेत कमिटी जोड लावते. वजन बघते, नाव बघते, कुणाला बघायला गर्दी लोटेल ते बघते आणि नंबर एकची कुस्ती शेवटी ठेवते. डब्ल्यूडब्ल्यूईत हे काम करणाऱ्याला 'बुकर' म्हणतात. बऱ्याच वर्षांसाठी शेवटचा शब्द मालक विन्स मॅकमॅनचा होता, आता तो माजी पैलवान ट्रिपल एचचा आहे. फरक असा की हा जोड लावणारा निकालही लावतो, आणि एका कुस्तीचा नाही, वर्षभराच्या कुस्त्यांचा.

इथे आप्पांनी कप बशीत ठेवला आणि भलतीच कबुली दिली. त्यांच्या वेळी काही जत्रांत दोन नावाजलेले पैलवान आदल्या रात्रीच बसून ठरवायचे की बरोबरीत सोडवायची आणि इनाम निम्मं निम्मं घ्यायचं. मग तासभर नुसती खडाखडी. "लोकं हलगीवाल्यावर चप्पल फेकायची," आप्पा म्हणाले. "पैलवानावर कोण फेकतंय?"

ही झाली नुरा कुस्ती. राजकारणाच्या बातम्यांमुळे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. तिच्यात नि डब्ल्यूडब्ल्यूईत मोठं अंतर आहे. नुरा कुस्तीत तिकीट काढणाऱ्याला फसवतात. इथे तिकीट काढणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि तो गोष्ट ऐकायला आलेला असतो. म्हणून त्याचा राग निकाल ठरवण्यावर नसतो, निकाल चुकीचा ठरवण्यावर असतो.

फसवलंच तर ते पैलवानाला. ९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. ब्रेट हार्ट हा कॅनडाचा लाडका चॅम्पियन, कंपनी सोडून दुसरीकडे चाललेला. स्वतःच्या देशात शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता, म्हणून दुसराच शेवट ठरला. मॅचमध्ये शॉनने ब्रेटचाच डाव ब्रेटवर लावला आणि मॅकमॅनने रिंगपाशी उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेटने हार मानलीच नव्हती. तो रिंगमधून मॅकमॅनच्या तोंडावर थुंकला आणि नंतर आत जाऊन त्याला खरा ठोसा लगावला. ठरलेल्या कुस्तीच्या दुनियेत गेली अठ्ठावीस वर्षं सगळ्यात जास्त चघळली जाते ती हीच, ठरलेलं मोडलेली कुस्ती. ब्रेट कंपनीत परत यायला २०१० उजाडलं.

"मग कुणालाही चॅम्पियन करता येईल की!"

करता येतं. टिकत नाही.

याचं आपल्या जिव्हारी लागणारं उदाहरण म्हणजे जिंदर महल. कॅनडात जन्मलेला पंजाबी. २०१७ च्या वसंतापर्यंत त्याचं काम हरण्याचं होतं, आणि २१ मे २०१७ ला त्याने रँडी ऑर्टनला हरवून मुख्य पट्टा घेतला. एप्रिलपर्यंत जो कुणाकडूनही मार खात होता तो मेमध्ये जगज्जेता. कंपनीची नजर भारतीय बाजारावर होती हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एखाद्याला असं मुद्दाम वर रेटण्याला तिकडे 'पुश' म्हणतात. पुश देणं गैर नाही, पण त्याआधी गोष्ट लागते. जिंदर का सुधारला, कुणी शिकवलं, कुठल्या अपमानाचा बदला घेतोय, काहीच नाही. नुसतं 'मी परदेशी, मी तुमचा तिरस्कार करतो' एवढंच तुणतुणं, जे अमेरिकी कुस्तीत आयर्न शेखच्या काळापासून वाजतंय. नोव्हेंबरमध्ये एजे स्टाइल्सकडून पट्टा गेला. डिसेंबरमध्ये दिल्लीला शो झाला, ज्या गर्दीसाठी हा सगळा खटाटोप होता तिच्यासमोर ट्रिपल एचने त्याला हरवलं आणि मग दोघं भांगडा नाचले. आमच्याकडे याला वरात काढणं म्हणतात.

खलीचं वेगळं. पंजाब पोलिसातला दलीपसिंग राणा, सात फुटांवर उंची. त्याला चपळ डाव येत नव्हते, चाल अवघडलेली होती. पण २००६ मध्ये तो पहिल्यांदा आला तो थेट अंडरटेकरवर धावून, आणि मे महिन्यात त्याने अंडरटेकरला लोळवलं. एवढ्याने काम झालं. अंडरटेकर जमिनीवर आणि त्याच्या वर आपला माणूस उभा! आमच्या गल्लीत त्या आठवड्यात कुणी अभ्यास केला नाही. कुस्तीगीर म्हणून खली बेताचाच, पण बुकरने त्याचं बलस्थान ओळखून वापरलं. २००७ मध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा कुणी 'कसा काय' असं विचारलं नाही.

आणि कधी कधी गर्दीच बुकरच्या हातून पेन काढून घेते. २०१४ मध्ये डॅनियल ब्रायन हा बुटका, दाढीवाला पैलवान लोकांच्या गळ्यातला ताईत होता, पण कंपनीच्या मते तो चॅम्पियनसारखा दिसत नव्हता. जानेवारीतल्या रॉयल रंबल या तीस जणांच्या कुस्तीत त्याला घेतलंच नाही. लोकांनी इतकी हुर्यो उडवली की एप्रिलमधल्या रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सोहळ्यात, एकाच रात्री दोन कुस्त्या जिंकवून त्याला पट्टा द्यावा लागला. दहा वर्षांनी कोडी ऱ्होड्सच्या बाबतीत तेच. त्याला बाजूला सारून रॉक (सिनेमातला ड्वेन जॉन्सन तो हाच) विरुद्ध तेव्हाचा चॅम्पियन रोमन रेन्स अशी कुस्ती लावायचा घाट फेब्रुवारी २०२४ मध्ये घातला होता, लोक बिथरले, आणि ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीने रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सद्दी संपवली. वर्षभर आधी, २०२३ मध्ये, तो त्याच रोमनकडून हरला होता. तेव्हा मी बुकरला शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, तो पराभव नसता तर फिलाडेल्फियाला एवढा अर्थ आला नसता.

"लागत तर नसेलच"

हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा रिंगजवळ उभं राहावं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. गादी म्हणावं असं तिथे काही नाही. पैलवानाला पहिल्यांदा शिकवतात ते पडायला. हनुवटी छातीला, पाठ सपाट, हात बाजूला आपटायचे म्हणजे धक्का पसरतो. धक्का पसरतो, नाहीसा होत नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री वर्षानुवर्षं असं पडा आणि मग मणक्याच्या डॉक्टरांना विचारा.

आपल्या गड्डा यात्रेतला मौत का कुआँ आठवा. मोटरसायकलवाला वर येणार, हात सोडणार, नोट पकडणार आणि खाली जाणार हे सगळं ठरलेलं असतं. रोज तेच. तरी चाक घसरलं तर माणूस पडतो. ऑगस्ट १९९७ मध्ये ओवेन हार्टच्या एका चुकलेल्या डावाने स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली. तो काही क्षण लुळा पडला आणि कशीबशी मॅच जिंकून त्याला आधार देऊन बाहेर न्यावं लागलं. ती मान पुढे त्याची कारकीर्द घेऊन गेली. तोच ओवेन २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत छतावरून दोराने खाली येण्याच्या सोंगात पडून वारला. प्रेक्षकांत बसलेल्या अनेकांना आधी तो खेळाचाच भाग वाटला. आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. त्या निर्णयाबद्दल मी कंपनीला आजही माफ केलेलं नाही.

खरं लागलं तर पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. ती दिसली की समजायचं, आता पटकथा बाजूला.

कोडीचीच जून २०२२ मधली सेथ रॉलिन्सबरोबरची मॅच बघा. छातीचा स्नायू आधीच हाडापासून सुटलेला. कोट काढला तेव्हा छाती-दंड वांग्यासारखे जांभळे पडलेले. प्रेक्षक क्षणभर गप्प झाले. जिंकणार कोण ते ठरलेलं होतंच. जांभळा रंग कुणी ठरवला नव्हता. आप्पांना तो फोटो दाखवला तर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "हळद नि तुरटी लावली असती," एवढंच म्हणाले.

"पंचाला मारतात, ही कसली कुस्ती?"

आप्पांचा हा आक्षेप जुना आणि प्रामाणिक. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावरून भडकलेल्या पैलवानाने पंचाला लाथ मारली, तर तीन वर्षांची बंदी आली. तेच योग्य. डब्ल्यूडब्ल्यूईत मात्र पंच बेशुद्ध पडणं ही पटकथेची सोय असते. पंच आडवा झाला की हीलला खुर्ची वापरायला मोकळीक. दोन्ही एका तागडीत टाकायची नाहीत. लाल मातीत कोण बलवान हे शोधतात, आणि रिंगमध्ये कुणासाठी जीव तुटावा हे रचतात. मला दोन्ही बघायला आवडतं. ज्याला रिंग बालिश वाटते त्याच्याशी माझं भांडण नाही, फक्त त्याने संध्याकाळच्या मालिकेत सासू खरी की खोटी हेही विचारावं.

पोरं बघून नक्कल करतात, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. चौथीत असताना मी चादरींच्या गठ्ठ्यांवरून भावाच्या अंगावर उडी मारली, भाऊ बाजूला झाला, माझं मनगट मोडलं. टीव्हीवर 'घरी करू नका' असं सांगत होते. आम्ही ते कारखान्यात केलं होतं.

मग सीनाला हरवलं कशाला?

आता मूळ प्रश्न. या धंद्यात रिवाज आहे की जाणाऱ्याने पाठीवर पडून जावं. तुझं नाव लोकांनी मोठं केलं, ते जाताना पुढच्याच्या हाती ठेवून जा. जुना वस्ताद पट्ठ्याला पाठ लावू देतो तसं. त्यामुळे सीना हरला हे मला पटलं. गुंथरकडून हरला हेही पटलं. वॉशिंग्टनची गर्दी ट्रिपल एचवर ओरडली, पण माझा राग त्या रात्रीवर नाही. तो त्याआधीच्या नऊ महिन्यांवर आहे.

१ मार्च २०२५, टोरंटो. वीसेक वर्षं पोरांचा लाडका असलेल्या सीनाने रॉकच्या इशाऱ्यावर कोडीला मिठी मारता मारता खाली लाथ घातली. टर्न! मी कारखान्यात ओरडलो, कारागीर धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला. ही गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात मोठी घडी होती. आणि मग? रॉक गोष्टीतून गायब. सीना हील का झाला याचं धड कारण नाही. रेसलमेनियात सतराव्यांदा जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकून त्याने रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडला, ती मॅच कंटाळवाणी. ऑगस्ट उजाडेतो तो पुन्हा चांगला, जणू मधलं काही झालंच नाही. एवढं महाग सूत मागावर चढवलं आणि नक्षीचे पुठ्ठेच कापले नव्हते. निरोपाचं वर्ष होतं ते, पुन्हा येणार नाही.

म्हणून नाक ओढलं गेलं, आप्पा. हरण्यासाठी नाही.

ज्यांना आता बघावंसं वाटत असेल त्यांच्यासाठी: एप्रिल २०२५ पासून भारतात हे नेटफ्लिक्सवर आलंय. कोडी-रोमनची २०२३ ची मॅच आधी बघा, मग २०२४ ची, उलट क्रमाने नको. दुसऱ्यांदा बघताना समालोचनाचा आवाज बंद करा आणि पंचाकडे लक्ष ठेवा, तो कधी वाकतो ते मोजा. आप्पा मागच्या आठवड्यात तेवढंच करत होते. त्यांच्या मते रोमनचा उजवा पाय चुकीचा पडतो आणि वस्तादाने वेळीच दोन छड्या मारायला हव्या होत्या.